आजारी पोरांच्या कॅम्पात तीन दिवस

बातमी एकदा छापून आली की डोक्यातून जाते. जे छापून येत नाही ते मात्र जात नाही. सुरतेत तीस वर्षं रिपोर्टिंग केलं. वहीत पुढून बातम्या लिहायचे आणि मागून हे असलं काहीतरी. निवृत्त झाल्यावर वह्या काढून बघितल्या, तर बहुतेकींची मागची पानं आधी संपली होती. कॅम्पाच्या वहीला तर पुढची पानंच नाहीत. नीताबेनचा हुकूम आहे: इथे बातमी करायची नाही.

नीताबेन म्हणजे मुलांच्या वॉर्डातल्या निवृत्त सिस्टर. कॅन्सर, थॅलेसेमिया, किडनी असल्या आजारांची मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्यासाठी त्या तीन दिवसांचा कॅम्प घेतात. ओलपाड रोडवर एका समाजाची वाडी आहे, म्हणजे लग्नाचा हॉल आणि मागे पटांगण, ती त्यांना मिळते. मुलांनी खेळायचं, आईबापांनी जरा टेकायचं, एकमेकांशी बोलायचं. पत्रकावर त्याला ‘थेरप्युटिक कॅम्प’ म्हटलं होतं. ते वाचून माझं डोकं फिरलं. फोन लावला. म्हटलं, “ज्या गावात पोराला बेड मिळवायला बापाला दोन दोन दिवस खेटे घालावे लागतात, तिथे खेळ कसले घेता?”

नीताबेन शांतपणे म्हणाल्या, “बेडसाठी सोमवारी भांडू. मी पण येते. शुक्रवारी इथे लसूण सोलायला माणूस कमी आहे.”

तेव्हापासून मी लसूण सोलते. सोमवारी भांडतोही, दोघी मिळून.

* * *

मागच्या हिवाळ्यातल्या कॅम्पाचं सांगते. पहिल्या सकाळी फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यात एक रकाना होता, ‘कुटुंबाची सध्याची मुख्य अडचण’. कोसाडच्या सरकारी वसाहतीतून आलेल्या एका बाईने तिथे लिहिलं, ‘चौथा मजला’.

शेजारी कॉलेजची एक मुलगी होती, प्राची. मानसशास्त्र शिकते, मदतीला येते. ती म्हणाली, “मावशी, इथे आजाराबद्दल लिहायचंय.”

बाई म्हणाली, “आजाराचं डॉक्टर बघतात. मजल्याचं कोण बघतं?”

पोराच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. येताना त्याला चालवत नाही, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दहा वर्षांच्या पोराला पाठीवर घेऊन ही बाई चार मजले चढते. मी अर्ज लिहून दिला, खालच्या मजल्यावरचं घर बदलून मिळावं म्हणून. संबंधित साहेब म्हणाले, “तपासून बघू.” तिसऱ्या खेपेलाही ते तपासतच होते. मी म्हटलं, “साहेब, एकदा तुम्हीच पोराला घेऊन वर चढा. एका मजल्यात तपासून होईल.”

बाई अजून चौथ्याच मजल्यावर आहे. मीही अजून जाते.

* * *

त्याच दिवशी नवागामहून सुनंदा आली. मूळची धुळ्याकडची. नवरा राजू बमरोलीला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कारीगर. बरोबर नऊ वर्षांची दिपाली. रक्ताचा कॅन्सर. केमोचे तीन राउंड झालेले, चौथ्यासाठी येत्या मंगळवारी भरती व्हायचं होतं. आणि दिपालीने सांगून टाकलं होतं की मी जाणार नाही.

“का नाही जाणार?” मी सुनंदाला विचारलं.

“माले काय इचारतस ताई, तिले इचारा.”

तिला सगळ्यांनी विचारून झालं होतं. डॉक्टरांनी, आजीने, शाळेच्या बाईंनी. ती तोंड मिटून बसायची. जास्त विचारलं तर भिंतीकडे तोंड करायची. तिसऱ्या राउंडनंतर रिपोर्ट चांगला आला होता. चौथा चुकवला तर सगळं पाण्यात जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. सुनंदा म्हणाली, “उचलून नेईन म्हटलं तर नेता येईल. पण सुई लावताना चौघांनी धरायचं का तिला? मागच्या वेळी स्वतः हात पुढे करत होती.”

प्राचीने बाहुली आणली. दिपालीसमोर मांडी घालून बसली. म्हणाली, “ही चिंगी. चिंगीला दवाखान्याची खूप भीती वाटते. आपण चिंगीला काय सांगू या?”

दिपालीने बाहुली हातात घेतली, उलटीपालटी केली, दंड दाबून बघितला.

“हिच्यात कापूस आहे,” ती म्हणाली. “हिला काही होत नाही.”

आणि बाहुली परत केली.

* * *

दुसऱ्या दिवशी एक पाहुणे आले. मोठे व्यापारी. गाडीभर टेडी बेअर घेऊन. आता केमो घेणाऱ्या मुलांना असली केसाळ खेळणी चालत नाहीत, धूळ धरतात. हे नीताबेननी त्यांच्या माणसाला फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरी आणले. फोटोग्राफरही आणला.

मी पुढे होणार होते. नीताबेननी माझा हात धरला. म्हणाल्या, “तुम्ही नको. खुशबू आहे.”

खुशबू अकरा वर्षांची. दोन वर्षं उपचार घेऊन बरी होत आलेली. कॅम्पात ती हात धुण्याची इन्स्पेक्टर. पाहुणे मुलांजवळ जायला लागले तशी ती आडवी आली. “अंकल, पहले हाथ धोके आओ.”

ते हसले आणि धुऊन आले. खुशबूने हात बघितले. “अंगूठे रह गए.”

परत गेले. पुन्हा आले. “नाखून के नीचे?”

तिसऱ्या वेळी ती स्वतः बेसिनपाशी जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने वीसपर्यंत मोजलं. मागे बारा मुलं रांगेत, तोंडाला मास्क, तीही मोजायला लागली. पाहुणे मनगटापर्यंत फेसात. फोटोग्राफरला काय काढावं कळेना, त्याने तेच काढलं.

टेडी बेअर परत गाडीत गेले. जाताना पाहुणे मला म्हणाले, “बेन, बच्ची बहुत स्ट्रिक्ट है.”

म्हटलं, “इसलिए तो बची है.”

* * *

आयांसाठी नीताबेन एक बैठक ठेवतात. गोल करून बसायचं, मनातलं बोलायचं. स्वयंपाकाला आचारी लावलेला, कारण आयांना आराम मिळाला पाहिजे. त्या दुपारी गोल मांडला, सतरंज्या टाकल्या, आणि एक बाई जागेवर नाही. सगळ्या स्वयंपाकघरात. एक आचाऱ्याला सांगतेय की तुझी खिचडी फडफडीत होते, दुसरीने वांगी ताब्यात घेतलेली. आचारी कोपऱ्यात स्टुलावर बसून विडी शोधत होता.

नीताबेन दारात उभ्या राहून ओरडल्या, “अरे तुम्हाला आराम करायला आणलंय!”

एक आजीबाई म्हणाल्या, “रिकामे हात ठेवून रडू येतं हो सिस्टर.”

नीताबेन आत आल्या, ओट्याला टेकून खाली बसल्या आणि लसणाची परडी ओढली. बैठक तिथेच झाली. हातात काम, नजर खाली. तशी मग बायकांना बोलता येतं. जे गोलात तासभर बसून निघालं नसतं ते भरताची वांगी भाजेपर्यंत निघालं.

सुनंदाही बोलली. दवाखान्यात पास एकालाच मिळतो. तीन राउंड तिने एकटीने काढले. खाटेशेजारी स्टुलावर. “एक रात्र तिचा हात सोडला नाही मी,” ती अभिमानाने म्हणाली. “दिपालीच्या वडिलांना कामावर खाडा करता येत नाही.”

“तिच्यासमोर रडतेस का?” आजीबाईंनी विचारलं.

“कधीच नाही. तिला वाटतं आई एकदम खंबीर आहे.”

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. प्रत्येकीचं पोर तसंच समजत होतं.

* * *

कॅम्पाचा नियम आहे, आई आणि बाप दोघांनी यायचं. पहिले दोन दिवस बाप एकूण चार. राजू नाहीच. दिपाली बापाशी तरी बोलेल या आशेवर मी त्याच्या शेठला फोन लावला.

“बेन, तुम्ही कोण?”

“पत्रकार.”

“कुठल्या पेपरच्या?”

“आता कुठल्याच नाही. म्हणून तर भरपूर वेळ आहे.”

शेठ म्हणाले, “बदली मिळाला तर जाऊ दे. मी कुठे अडवतो? मशीन बंद नाही राहिलं पाहिजे.” बदली म्हणजे त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा कारीगर. त्याच्याशिवाय कोणी मशीन सोडत नाही, आईचं मयत असलं तरी.

तिसऱ्या दिवशी दुपारी राजू आला. डोक्यात, भुवयांत लूमचा पांढरा भुसा. दारातूनच त्याने विचारलं, “कशी शे दिपाली?” आणि अख्खा हॉल दचकला. वीस वर्षं लूममध्ये उभा राहिलेला माणूस तसाच बोलतो. त्याला स्वतःला तो आवाज मोठा वाटत नाही. दोन लहान मुलं झोपली होती, ती रडायला लागली. नीताबेननी ओठांवर बोट ठेवलं. राजू इतका ओशाळला की तिथेच दारात थांबला आणि पुढे शब्द बोलला नाही.

दिपाली हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला बसली होती. राजूने हात वर केला आणि पंजा दोनदा फिरवला.

दिपालीनेही हात वर केला. आणि दोघं बोलायला लागली, हातांनी.

“लूमवर ऐकू येत नाही ना,” सुनंदा मला हळूच म्हणाली. “तिथे सगळे असंच बोलतात. ही सुट्टीत डबा घेऊन जायची, तिथे शिकली.”

“काय म्हणतेय?”

“ते विचारताहेत, मशीन का बंद?”

दिपालीने एका मुठीवर दुसरी मूठ ठेवली आणि वरची उलटी फिरवली.

सुनंदा बोलायची थांबली. मी कोपराने ढोसलं तेव्हा म्हणाली, “बदली मागतेय. कारीगर उभा राहून थकला की मुकादमाला असं करतो.”

प्राचीचे डोळे भरून आले. “म्हणजे ट्रीटमेंट तिला सहन होत नाहीये.”

पण राजूला खूण नीट कळलेली दिसत नव्हती. त्याने बोट गोल फिरवून विचारलं, कोणाची बदली?

दिपालीने आईकडे बोट केलं.

“मनी?” सुनंदा ताडकन उभी राहिली. “मनी कसाले बदली? मी काय थकनू का?”

तेव्हा दिपाली तोंडाने बोलली. न जाण्याबद्दल तीन दिवसांत पहिल्यांदा, हॉलच्या त्या टोकावरून, सरळ आईकडे बघत. “तू झोपस नई. बाथरूममा जाईसन रडस. नळ चालू करस, तरी ऐकू येस.”

सुनंदा खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बाकीच्या आया आपापल्या पोरांकडे बघत होत्या.

राजूने एका मुठीवर दुसरी मूठ ठेवली, फिरवली, आणि हात आपल्या छातीवर ठेवला.

दिपाली उठली. हॉल ओलांडून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मुकादम नव्या माणसाला बघतो तसं तिने बापाला खालपासून वरपर्यंत बघितलं. भुवईवरचा भुसा बोटाने काढला.

“वॉर्डमा हळू बोलशी का?” तिने विचारलं.

“बोलसू,” राजू म्हणाला, आणि दोन्ही लहान मुलं पुन्हा जागी झाली.