नाखवा आणि बाबांचे शनिवार

नाखवा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत. बोटीच्या मागच्या टोकाला बसून, सोडलेल्या दोरीवर तर्जनी टेकवून, खालच्या पाण्यात काय चाललंय ते ऐकत असल्यासारखे बसायचे. गळ तळाला घासतोय, शेवाळ अडकलंय की माशाने तोंड लावलंय, हे त्यांना त्या एका बोटाने कळायचं. मी मासे दाखवणारा महागडा स्क्रीन घेतला होता. तरी मला काही कळायचं नाही.

ते मूळचे श्रीवर्धनचे. हॅमिल्टनला दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. इथल्या मराठी मंडळींनी त्यांना नाखवा हे नाव दिलं आणि खरं नाव मागे पडलं. जून उजाडला, इथला हिवाळा सुरू झाला की शनिवारी पहाटे ते टाउपोच्या तळ्यावर जायचे. त्यांची जुनी बोट तिथल्या धक्क्याला बांधलेली असायची. शिशाची जड दोरी सोडायची, दर दहा मीटरला तिचा रंग बदलतो ते मोजायचं, आणि बोट अगदी सावकाश चालवत गळ खोल पाण्यातून ओढत न्यायचा. "थंडीत ट्राउट खाली जातो," ते म्हणायचे. "त्याला वर बोलावून उपयोग नाही. आपण खाली जायचं." एकाच बोटीत, एकसारखे गळ लावून आम्ही दोन हिवाळे बसलो. रेनबो ट्राउट त्यांच्याच दोरीला लागायचा. एखादा निसटला तरी इथल्या लोकांसारखं "स्वीट अ‍ॅज", म्हणजे चालायचंच, म्हणून ते थर्मासमधला चहा ओतायचे. त्यांच्या माशांपेक्षा मला त्या शांतपणाचा जास्त हेवा वाटायचा.

पण मी खरा जळलो तो बाबा आल्यावर.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी बाबांना सांगलीहून इकडे आणलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. रजा काढून मी त्यांना समुद्र दाखवला, गरम पाण्याचे झरे दाखवले. ते सगळ्याला "छान आहे" म्हणायचे आणि घरी येऊन खिडकीशी बसायचे. शेवटी एका शनिवारी त्यांना माझं जाड जॅकेट घालून टाउपोला नेलं. नाखव्यांनी त्यांच्या हातात दोरी दिली आणि विचारलं, "साहेब, धरणात गाळ किती साठलाय हे तुम्ही कसं मोजायचात?"

बाबा दोन तास बोलत होते. मी सुकाणू धरून त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो. बाबांना असं हसताना मी आई असतानाही फारसं ऐकलं नव्हतं. त्यानंतर गुरुवार आला की ते विचारायचे, "नाखव्यांचा फोन आला का?" एका शनिवारी मला ऑफिसचं काम निघालं, तर ते दोघंच गेले. संध्याकाळी बाबा मोठा ट्राउट घेऊन आले, स्वतः साफ करून तळला, आणि जेवताना प्रत्येक वाक्याची सुरुवात "नाखवा म्हणतात" अशी केली. मी ताट घेऊन उठलो.

पुढच्या वेळी मी नाखव्यांना बाजूला घेऊन विचारलंच. "बाबा तुमच्याशी एवढं काय बोलतात?"

"ते त्यांना विचार."

"मला सांगत नाहीत ते."

"तू विचारतोस आणि लगेच उत्तरही देतोस," ते दोरीकडे बघत म्हणाले. "मी गप्प बसतो."

त्या आठवड्यात त्यांनी बोटीची किल्ली घरी आणून दिली. गुडघा दुखतोय, म्हणाले, या शनिवारी तुम्हीच दोघं जा.

तळ्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. बाबांनी दोरी सोडली, रंग मोजले. मी सवयीने वेग वाढवला. "हळू," बाबा म्हणाले. मी वेग कमी केला. मला दोन-तीनदा काहीतरी विचारावंसं वाटलं, पण मी ओठ मिटून घेतले.

"तुझी आई तुला बोलवत होती," बाबा पाण्याकडे बघत म्हणाले. "शेवटच्या पंधरा दिवसांत रोज. तुझं इथल्या रेसिडेन्सीच्या परवान्याचं काम अडेल म्हणून मीच तुला कळवलं नाही. मला वाटलं, ती बरी होईल."

मला खूप काही बोलायचं होतं. वर्षभर मी स्वतःलाच दोष देत होतो, मला कसं कळलं नाही म्हणून. मी सुकाणू सरळ धरून ठेवलं. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "काय म्हणायची ती?"

मग बाबा सांगत राहिले. दोरीला एकदा झटका बसला. दोघांपैकी कोणीच ती ओढली नाही.

सप्टेंबरात बाबा परत गेले. मागच्या मे महिन्यात नाखवाही नोकरी सोडून साउथ आयलंडला मुलीकडे कायमचे राहायला गेले. सामान गाडीत भरताना मी म्हटलं, "मला तुमचा फार राग यायचा."

"माहीत होतं," ते म्हणाले. "मी आणि साहेब बोलायला लागलो की तू बोट पळवायचास."

बाबा दर रविवारी सांगलीहून फोन करतात. आधी नाखव्यांना, मग मला. वाट बघत बसलो की मी अजूनही जळतो. मग फोन वाजतो, आणि आम्ही दोघं आईबद्दल बोलतो.