विहीर सर्वांना खुली आहे

मंत्र्याने कागद वर धरला. म्हणाला, "सन्माननीय सदस्यांच्या मातोश्रींचाच अंगठा आहे यावर!"

सभागृह हसलं. समोरचे हसले ते समजू शकतो. पण माझ्या शेजारचे, विरोधी बाकावरचे, आमचेच लोक खो खो हसले.

माझा प्रश्न खारबावजवळच्या आमच्या गावच्या विहिरीचा होता. आमच्या बौद्धवाड्यातल्या बायांना कठड्यावर चढू देत नाहीत, हंडे मांडून खाली थांबावं लागतं, वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. शेवटी नियमाचं वाक्य: "हे खरे आहे काय?" भिवंडीत पॉवरलूमवर शिफ्ट करून निवडून आलेला माणूस मी. चार अधिवेशनं खेटे घातले तेव्हा कुठे प्रश्न लागला. छापील उत्तर आलं: "हे खरे नाही." त्याखाली: "प्रश्न उद्भवत नाही." सोबत पंचनामा. विहीर सर्वांना खुली आहे, आणि खाली आईचा अंगठा.

मी उठलो. "अध्यक्ष महोदय, माझ्या आईला वाचता येत नाही." पुन्हा हशा.

बाहेर आमच्या नेत्याने खांद्यावर हात ठेवला. "आधी आईला तरी आपल्या बाजूला घ्या." मी तो हात झटकला नाही. त्याची लाज अजून वाटते.

गावी जाऊन आईला विचारलं.

"तालुक्याचा सायेब आला व्हता. पाटलाकडं जेवला. मना म्हनला, तुज्या पोराच्याच कामाचा कागद हाय. मी सगल्यांच्या आदी अंगठा दिला. चुकला काय रं?"

कागदात काय आहे ते मी वाचून दाखवलं. ती उठली. मग हंडा उचलला.

"कुठं?"

"इहीर खुली हाय ना? मंग चल."

ती कठड्यावर चढली. मी मागोमाग. पाटलाच्या पोरांनी भरलेला हंडा लाथेने उडवला. आईने तोच पोचा आलेला हंडा पुन्हा भरला.

त्या हंड्यापायी आमच्या वाड्याची पाटलाच्या शेतावरची मजुरी बंद झाली. बाया पुन्हा खाली उभ्या राहू लागल्या. पक्ष म्हणाला, गाव दुखावलं. पुढचं तिकीट दुसऱ्याला. आई गेली. सरकारं बदलली, कठडा तोच आहे.

आता मी माजी आमदार. माझ्याशी वाड्यातलेही धड बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. पण हे खरे आहे काय, असं मी यापुढे कुणालाही विचारणार नाही. पंचनाम्याची प्रत खिशात असते. रोज सकाळी एकटा कठड्यावर चढतो. पाटलाची पोरं हंडा लाथाडतात. मी पुन्हा भरतो. उद्याही भरणार.