बर्फाच्या राक्षसाची गोष्ट

मी नदीकाठच्या नाक्यावर पहारेकरी. चोर आला तर आधी मीच पळायचो. त्या हिवाळ्यात एक म्हातारी सुनेबरोबर रोज सकाळी माझ्या शेकोटीशी यायची. फौजेबरोबर उत्तरेत गेलेला तिचा मुलगा परतलाच नव्हता. म्हातारी बसायची नाही. हात चोळत नुसत्या येरझाऱ्या घालायची. सून गोष्ट सांगायची, "तिकडं बर्फाच्या राक्षसानं त्यांना झोपवलंय. थंडी सरली, की उठून येतील."

फाल्गुन लागला तरी दोघी येतच होत्या. एकदा सून पाण्याला गेली, तेव्हा मी अक्कल पाजळली, "आजी, थंडी तर सरली. आता?"

"मेल्या, तो गेला हे मला कळत नाही होय? गोष्ट सांगते तेवढा वेळ पोरगी रडत नाही."

सून परतली. म्हातारीनं घोंगडी घट्ट लपेटली. "आज फारच गारठा आहे गं."

घामानं निथळत मी शेकोटीत आणखी लाकडं घातली.