गालरावांचा गाल

कारखान्यात त्यांना सगळे गालराव म्हणायचे. हजेरीपटावर काय नाव होतं ते एका कारकुनाला ठाऊक, बाकी कुणाला त्याची गरज पडली नाही. कामच तसं होतं. पुरुषांसाठी क्रीम, फेसवॉश आणि दाढीनंतर लावायचा बाम बनवणारा तो छोटासा कारखाना. नवा लॉट तयार झाला की ट्यूबमध्ये भरण्याआधी त्यातलं बोटभर गालरावांच्या उजव्या गालाला लागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वहीत एकच शब्द लिहायचे, 'ठीक' नाहीतर 'नाही'. 'ठीक' पडल्याशिवाय भरायचं मशीन सुरू व्हायचं नाही. आता मला सांगा, एवढा मान कुणाच्या गालाला असतो?

तपासणीची यंत्रं नव्हती असं नाही. होती, कपाटाएवढ्या खोलीत धूळ खात. पण मोठ्या साहेबांचा यंत्रावर विश्वास नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी गालराव मिश्रणाच्या टाकीवर कामाला होते, तेव्हा ढवळताना बामचा एक थेंब उडून गालावर पडला आणि हे ओरडले, "बंद करा! काहीतरी जास्त पडलंय!" तपासलं तर अॅसिड दुप्पट. एवढा मोठा लॉट बाजारात जाता जाता वाचला. साहेबांनी त्यांना टाकीवरून उठवलं, खुर्ची दिली, वही दिली आणि कारखान्यामागच्या चाळीत एक खोलीही दिली. नोकरी आहे तोवर खोली, असं कागदावर लिहून.

गालरावांना या सगळ्याचा अभिमान होता, आणि का नसावा? जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगची मंडळी भोवती बसली की ते ट्यूब उलटी करून शिकवायला लागायचे. "पुढचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. जे जास्त घातलंय ते आधी लिहितात. पहिलं काय? पाणी! घ्या, पाण्याला पैसे मोजताय. मग ग्लिसरीन, ते कातडीत ओल धरून ठेवतं. मग मेणासारखे चिकट प्रकार, ती ओल उडू नये म्हणून. सॅलिसिलिक अॅसिड भोकांतलं तेल काढतं, पण जास्त झालं की सालच काढतं. आणि मेन्थॉल काही गार करत नाही हां, गार वाटायला लावतं नुसतं. आता तो पुढे छापलेला कोळसा शोधा. सापडला? पार शेपटाला!"

"पण गालराव, जरा चुरचुरल्याशिवाय लागू पडल्यासारखं वाटत नाही," कुणीतरी म्हणायचंच.

"अरे, पुरुषाची जातच येडी!" ते चिडायचे. "चुरचुरणं म्हणजे कातडी ओरडतेय, थांब म्हणून. औषध लागू पडत नाहीये, तू भाजतोयस!"

असा हा माणूस. आणि त्याच्याच नशिबी असं यावं!

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचा उजवा गाल लालबुंद होऊन सुजला. वहीत 'नाही' लिहिलं, लॉट ओतून दिला. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. टाकीवरचा माणूस देवाशपथ सांगत होता की मापात केसाचाही फरक नाही. मग गालराव गुपचूप कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या आणि एका लाल डागावर बोट ठेवलं.

"माल नासू नये म्हणून जे रसायन घालतात ना, ते तुम्हाला सोसत नाही."

"अहो, ते चिमूटभर असतं. यादीत शेवटून दुसरं."

"तुम्हाला आता चिमूटभरही पुष्कळ आहे. वर्षानुवर्षं रोज लावलंत, कातडीनं डूख धरला. इतरांना काही होणार नाही, तुम्हाला मात्र प्रत्येक वेळी होणार. हे जन्माचं आहे. दुसरं काम बघा."

दुसरं काम बघा म्हणे! बावन्नाव्या वर्षी, ज्याला गालापलीकडे काही येत नाही त्यानं? ते रसायन कारखान्यातल्या प्रत्येक लॉटमध्ये होतं. चांगल्या मालानंही गाल पेटणार आणि वाईटानंही पेटणार. म्हणजे गाल मेला होता, नुसता तोंडावर होता. साहेबांना सांगावं तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर खोली. खोलीत बायको, आणि कंबरेचं हाड मोडून तीन वर्षं खाटेवर पडलेले म्हातारे वडील. त्यांना उचलून न्यायचं कुठे? गालराव पुरते कात्रीत सापडले आणि मूग गिळून बसले.

आठवडाभर काळजीत काढल्यावर त्यांनी एक तोड काढली. खरं तर लाज वाटावी अशी, आणि त्यांना वाटलीही. सगळ्यांदेखत नमुन्याची वाटी समोर घ्यायची, पण गालाला लावायचं खिशातलं साधं व्हॅसलीन. खरा नमुना डबीत भरून घरी न्यायचा, आणि संध्याकाळी वडिलांची दाढी करून त्यांच्या गालाला लावायचा.

वडील जन्मभर गवंडीकाम केलेले. चुन्यानं आणि उन्हानं चेहरा इतका रापलेला की लाली उठली तरी कुणाला दिसणार नाही. त्यात डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेला, आरशात त्यांचं त्यांनाही दिसणार नाही. त्यामुळे बघून काही कळायचं नाही, विचारावंच लागायचं.

"बाबा, जळतंय का?"

"छे रे."

"चुरचुरतंय? खाज? खरं सांगा हां."

"अरे, लोणी आहे लोणी. लाव अजून."

सकाळी कामावर जाताना पुन्हा एकदा विचारायचं, आणि कारखान्यात जाऊन 'ठीक' लिहायचं. दोन वर्षं असं चाललं. पहिले काही दिवस ते उघड्या वहीवर पेन धरून बसून राहायचे, मग सवय झाली. सवय कशाचीही होते हो. बायकोला सगळं माहीत होतं. ती एकदाच म्हणाली, "अहो, ते तुमचे वडील आहेत," आणि नंतर काही बोलली नाही, कारण खोली तिलाही हवी होती.

मग तो गुरुवार उजाडला. गालराव वही बंद करून चहा पीत होते, तोच साहेबांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये विक्रीचा माणूस घामाघूम होऊन उभा, आणि टेबलावर बामची परत आलेली खोकी.

"पाच सलूनवाल्यांनी माल फेकला तोंडावर," तो सांगत होता. "दाढी झाल्यावर लावलं की गिऱ्हाईक खुर्चीतून उठतंय. एकाची तर हनुवटी सोलली. साहेब, लॉट परत मागवू या."

साहेब उठले, गालरावांच्या हनुवटीला धरून त्यांचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. गालरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हा लॉट या गालाला लावला होता ना, गालराव?"

"हो, साहेब."

"जळलं?"

"नाही, साहेब."

"बघ!" साहेब विक्रीवाल्यावर उखडले. "बघ हा गाल! एक पुळी नाही, एक डाग नाही. एकोणीस वर्षांत हा माणूस एकदा चुकलेला नाही. बोथट ब्लेडनं दाढ्या करतात लेकाचे आणि नाव आपल्या मालाला ठेवतात. काही परत मागवायचं नाही. उरलेला माल उद्या दुपारच्या गाडीनं पाठव." मग गालरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गालराव, एक चिठ्ठी लिहून द्या. हा लॉट मी स्वतः लावून पाहिलाय आणि ठीक आहे, एवढंच. खाली सही. तुमची सही बघितली की सलूनवाले गप्प बसतील."

"उद्या देतो," गालराव म्हणाले.

गाल चांगला का दिसत होता? दोन वर्षांत त्याला व्हॅसलीनशिवाय काही शिवलं नव्हतं म्हणून. उभ्या जन्मात कधी नव्हता इतका तुकतुकीत झाला होता मेला!

दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. सलूनवाल्यांचंच काहीतरी चुकलं असेल, असं ते मनाला बजावत राहिले. बाबांनी तर लोणी म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. घरी आले तेव्हा बायको नळावर भांडी घासत होती. ते तसेच आत गेले आणि खाटेजवळच्या स्टुलावर टेकले.

"आलास? आज लवकर?" वडिलांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "दाढी करायची ना?"

"बाबा, मागच्या आठवड्यात जे लावलं होतं, त्यानं जळलं का?"

"नाही रे, छान होतं."

"बाबा, लोकांची तोंडं सोललीयत." गालरावांचा आवाज चढला. "मी तुमच्या भरवशावर लिहून दिलं. हात जोडतो, खरं सांगा. जळलं का?"

म्हातारा चादरीची किनार चाचपत म्हणाला, "जळलं."

"किती?"

"ते लई जळलं. रात्रभर डोळ्यातनं पाणी येत होतं. बाकीचं एवढं नाही."

"बाकीचं म्हणजे? आधीही जळलंय? किती वेळा?"

"मी काय मोजतो होय? कधी जळतं, कधी नाही."

गालरावांचं धाबं दणाणलं. दोन वर्षांचे सगळे 'ठीक' त्यांच्या डोळ्यांपुढून गेले, आणि त्यातला एकही आता त्यांना खरा म्हणता येईना. "अहो, मग बोलला का नाहीत? रोज विचारत होतो ना मी? घसा फोडून विचारत होतो!"

"सांगितलं असतं तर तू लावायचं बंद केलं असतंस," वडील म्हणाले. "तू सकाळी जातोस, संध्याकाळी येतोस. सूनबाई बिचारी करते सगळं, तिला नाव नाही ठेवत. पण तू असा जवळ बसून तोंडावरून हात फिरवायचास तो तेवढाच. थोडं जळलं तर जळलं."

गालरावांना रडू फुटलं आणि त्यांनी ते फुटू दिलं, आवाज तेवढा दाबला. बायको दारात येऊन उभी राहिली होती. ते उठून तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "उद्या सकाळी साहेबांना सगळं सांगतो. गाडी सुटायच्या आत. खोली जाईल." तिनं ओल्या हातांनीच पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. नको म्हणत होती की बरं, ते तिलाही कळलं नसेल.

वडिलांना दाराशी काय बोलणं झालं ते नीटसं ऐकू आलं नाही. ते वाट बघत होते. गालरावांनी वाटीत पाणी घेतलं, ब्रश फिरवला, सावकाश दाढी केली, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. आजच्या नमुन्याची डबी खिशातच राहिली. नुसतेच हात त्यांनी म्हाताऱ्याच्या दोन्ही गालांवर ठेवले आणि हळूहळू फिरवत राहिले.

वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"हा माल चांगला आहे रे," थोड्या वेळानं ते म्हणाले. "शपथेवर सांगतो, आज अजिबात जळत नाही. बिनधास्त ठीक लिही."