अर्धं दार

मुलाच्या फ्लॅटमध्ये सुतार सागावर रंधा मारत होता. त्या वासानं एकाहत्तर सालचं संगमनेरजवळचं आमचं नवं घर आठवलं. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये वडिलांनी हौसेनं अखंड सागाचं दार करून घेतलं होतं. आई सुताराला म्हणाली, “मधून कापा. खालचं लावलं की कोंबड्या आत येनार न्हाईत, वरचं उघडं ऱ्हाईल.” वडील हळहळले, पण दार कापलं गेलं.

तेव्हा बैठकीत पुरुष असले की बायका आतून दार लावून घ्यायच्या. ताईला बघायला पाहुणे आले, लग्नाची तारीख ठरू लागली, तेव्हा खालच्या अर्ध्या दारावर पिठाचे हात टेकून आई शांतपणे म्हणाली, “पोरगी आधी मॅट्रिक हुईल.”

कोंबड्यांचं कारण तोवर मला खरंच वाटत होतं. आईनं उंबरासुद्धा ओलांडला नव्हता.