तवा खाली ठेव!

दिलीप कदमच्या स्वयंपाकघरात नुसतं डोकावलं तरी एखादा किस्सा घेऊनच परत यावं लागतं. मी त्याचा शेजारी. इथे हिंदी मुलखात, जयेंद्रगंज मोहल्ल्यात, आमची भिंत एकच. कुणाला सांगायचं नाही असं दर वेळी ठरवतो, पण माझ्या पोटात काही राहत नाही!

सध्याचे सगळे किस्से एकाच डिशचे. स्टेक, अंडी आणि घरचा हिरवा साल्सा. दिलीपचा मुलगा अनिकेत घरूनच लॅपटॉपवर नोकरी करतो. त्याचं आणि हिंदी घरातल्या कीर्तीचं जमलंय, पण गाडी अडली होती कीर्तीच्या आईपाशी. "लड़का दिन भर घर में रहता है, आख़िर करता क्या है?"

म्हणून अनिकेतने त्यांना रविवारी नाश्त्याला बोलावलं. मेनू त्याचा, रांधणार तोच. त्याला आई नाही, तेव्हा घरातलं मोठं माणूस म्हणून मालूमावशी थेट कोल्हापूरहून आली.

*

दिलीप मटणाच्या दुकानात गेला. "भाई, स्टेक के लिए चाहिए."

"टेक चाहिए? उधर दीवार से लगा लो साहब, अभी टाइम लगेगा."

आणि दिलीप दहा मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला!

*

साल्साला हिरवे टोमॅटो हवेत. मीही दिलीपबरोबर खासगी बाजार नावाच्या आमच्या मंडईत गेलो. भाजीवाला म्हणाला, "परसों आना, पक जाएँगे."

"कच्चे ही चाहिए, भैया," दिलीप म्हणाला.

भाजीवाल्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इनकी तबीयत तो ठीक है?"

घरी अनिकेतने टोमॅटो, मिरच्या, लसूण भाजून कोथिंबिरीबरोबर वाटलं. मावशीने बोट बुडवून चाखलं. "अरे, हा तर ठेचा!"

"मावशी, हा साल्सा आहे."

"असेल. परदेशात जाऊन नाव बदललं असेल त्याने."

*

शनिवारी रंगीत तालीम. कीर्ती मदतीला आली होती. मावशीशी मराठीतच बोलायचं, असा तिचा पण. तवा तापून धूर यायला लागला, तशी मावशी ओरडली, "अगं, तवा खाली ठेव!"

कीर्तीने भराभर चारही स्टेक उचलून ताटात काढले. तवा गॅसवर तसाच.

"अगं, खाली! खाली!"

"मावशी, पूरा खाली है!"

धूर माझ्या घरापर्यंत आला. मग दिलीपने मावशीला हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे समजावलं. मावशी म्हणाली, "तुमच्याकडे असेल. माझं खाली खालीच आहे."

*

मावशीचा आणखी एक नियम. जेवायचं ते पाटावर मांडी घालूनच. खुर्च्या तिने गच्चीवर पाठवल्या. आता मांडी घालून काटा-सुरीने स्टेक कापून बघा! दिलीपने जोर लावला आणि स्टेक उडून शेजारी अंडी खात बसलेल्या माझ्या ताटात. मी अंड्यापुरताच सुधारलेला माणूस. बायकोला अजून तेही माहीत नाही.

"आलाच आहे तर खाऊन टाक," दिलीप म्हणाला. पुढचं विचारू नका!

*

रविवार उजाडला. कीर्तीच्या आई आल्या. अनिकेतने पुसलेली ताटं पुन्हा पुसली, आणि खरं सांगतो, मीही मनातल्या मनात देवाला हात जोडले. पोरं गुणी आहेत हो दोघंही.

खोलीभर नजर फिरवत कीर्तीच्या आई खुर्ची शोधायला लागल्या. मावशीच्या ते लक्षात आलं. तिने आपली कोल्हापुरी हिंदी बाहेर काढली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाली, "हमारे घर में सब लोग खालीच बैठते!"

"सब?"

"सब! हमारे पिताजी, उनके पिताजी, पीढ़ियों से! और अनिकेत को तो बचपन से आदत है!"

दिलीपने डोळे मिटले. कीर्ती स्वयंपाकघरात पळाली.

तिच्या आई पाटावर बसल्या. अनिकेतने ताट वाढलं. त्यांनी स्टेकचा तुकडा अंड्याच्या पिवळ्यात बुडवला, वर साल्सा घेतला आणि खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा. ताट चाटूनपुसून स्वच्छ झालं, तेव्हा त्यांनी लेकीला हाक मारून जवळ बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"कोई बात नहीं, बेटा. तू कमा लेना, ये पका लेगा!"