पारोसं लुगडं

आमच्या घरात आत्याआजीच्या गोष्टी सांगायला निमित्त लागत नाही. आत्याआजी म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. पिशोरला शेतातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. एकटी म्हणायचं ते आपण. तिच्या मते एक म्हैस, तिचं रेडकू, दोन शेळ्या, एक लंगडं कुत्रं आणि कधी न मोजलेल्या कोंबड्या असा तो भरला संसार होता.

एकदा एसटीत कंडक्टरने तिच्या मांडीवरच्या करडाचं तिकीट काढायला लावलं. तिने निमूट काढलं. मग शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून बसलेल्या माणसाला पिशवी उचलायला लावली आणि करडाला तिथं बसवलं. "तिकीट हाय त्याचं. मांडीवर कामून बसंल?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपा-हळदीने मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. आत्याआजी ते म्हशीलाही द्यायची. गावातली माणसं हसायची. "राबंल त्याचा पोळा," ती म्हणायची, "ही काय बसून खाती?"

तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डाव्यातही उतरत होता. मी तिला शहरात आणून दाखवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी लांबवलं तर उजवा डोळा हाती लागणार नाही. तिने ऐकून घेतलं आणि परतीच्या जीपमध्ये जाहीर केलं, "मला नाय करायचं. म्हैस दुसऱ्या कुणाखाली पान्हवत नाय."

हे खोटं नव्हतं. शेजारणीने एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा दुधाची चरवी एकीकडे आणि शेजारीण दुसरीकडे पडली होती. पण म्हशीपायी डोळा घालवायचा हे मला पटणारं नव्हतं. मी वाळूजला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. माल अडला की वाट काढायची, हेच माझं काम.

"ती माझ्याखाली पान्हवली तर येशील?"

"पान्हवली तर येईन. पर तुझ्याच्यानं नाय व्हायचं ते."

लहानपणी सुट्टीत मी धारा काढायला शिकले होते, त्यामुळे हात नवे नव्हते. पुढच्या शनिवारी पिशोरला गेले. सलवार-कमीज घालून बसले. रेडकू सोडलं, पेंड ठेवली, सड धुतले. म्हशीने मान वळवून मला एकदा पाहिलं आणि दूध चोरलं. एक थेंब नाही.

आत्याआजी खाटेवरून म्हणाली, "तिला मानूस वासानं कळतं. माझं लुगडं नेस."

हे मला पटलं. पेटीतून तिचं एक हिरवं लुगडं काढलं, डोक्यावरून पदर घेतला आणि पुन्हा बसले. या वेळी लाथ बसली. मांडीवरचा काळानिळा डाग पंधरा दिवस टिकला.

आत्याआजीने जवळ येऊन पदर हातात घेतला, हुंगला. डांबरगोळ्यांचा वास. "धुतलेलं कामून घेतलं गं?"

"मग काय पारोसं नेसू?"

"म्हशीला काय सोवळं लागतंय?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्याचं पारोसं नेसायचं नाही, हे आमच्या आईने आम्हाला इतकं पक्कं शिकवलं होतं की पेटी उघडताना मी विचारसुद्धा केला नाही. आत्याआजी आत गेली, लुगडं बदललं आणि अंगावरचं उतरवून माझ्या हातात दिलं. शेण, घाम, चूल, तंबाखू, सगळं त्यात होतं. मी नाक आवळून नेसले. रविवारी सकाळी म्हैस पान्हवली. निम्मी चरवी भरली.

"निम्मीच," आत्याआजी म्हणाली.

"निम्मी का होईना. तारीख ठरवू?"

तिने म्हशीची पाठ खाजवली. मग म्हणाली, "ठरव."

आम्ही कामं वाटून घेतली. दवाखान्याचं भाऊ आणि वहिनी बघणार, ऑपरेशननंतर आठवडाभर तिला त्यांच्या सिडकोतल्या घरी ठेवणार. मी रजा टाकून पिशोरला. सकाळ-संध्याकाळ तेच लुगडं, धुवायला बंदी. येणारेजाणारे बांधावरून विचारायचे, "ताई, आपीस इकडंच आलं का?" मी हात हलवायचे आणि चरवी धरायचे. तिसऱ्या दिवशी ती पाऊण भरली. संध्याकाळी फोनवर तसं सांगितलं, तर आत्याआजीने फोन वहिनीच्या हातात दिला. आनंद झाला की राग आला, कळलं नाही.

आठवडा काही ती राहिली नाही. पाचव्या दिवशी भावाने तिला आणून सोडलं. काळा चष्मा, हातात थेंबांची बाटली आणि वाकायचं नाही अशी सक्त ताकीद. गाडीतून उतरली ती थेट गोठ्यात. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. म्हशीच्या तोंडावरून हात फिरवला, मग चष्मा थोडा वर करून तिचा कान उलटवला आणि तशीच थांबली.

"हे काय?"

कानाच्या मुळाशी, मानेखाली, गोचिडंच गोचिडं. मी आत्तापर्यंत कासेपलीकडे पाहिलंच नव्हतं, तसं कबूल करायला मी तोंड उघडलं. तिने हाताने थांबवलं.

"तुझी नायेत ही. चार दिसात येवढाली होत नसत्यात." तिने दुसरा कान पाहिला. "म्हनून मान घासत होती दावणीला. मला वाटायचं, खोडी करती."

ती खाली बसायला निघाली. मी दंड धरून तिला स्टुलावर बसवलं आणि गोचिडं काढायला स्वतः वाकले. ती काठीने दाखवत होती, मी उपटून रॉकेलच्या डबड्यात टाकत होते. "तितं. त्याच्या खाली. अगं, ते केवढं मोठं हाय, दिसत नाय व्हय तुला?" दीड तास हे चाललं. भाऊ दोनदा चहाला बोलवून गेला.

शेवटचं काढून झाल्यावर तिने चष्मा नीट बसवला.

"डाव्या डोळ्याचं कधी करायचं म्हनला डाक्टर?"

"दोन महिन्यांनी."

"लवकर होतंय का बघ," ती म्हणाली.